श्नाउझर घेताय? आधी घराणं विचारा

भाचा दिल्लीहून श्नाउझरचं पिल्लू आणणार म्हणतोय. सूनबाईंनी तर मोबाइलवर फोटोही पसंत करून ठेवलाय. त्या दोघांना समोर बसवून जे सांगितलं, तेच इथे लिहून काढते. कारण आपल्या ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याच्या आसपास, लष्करातल्या जुन्या वाड्यांतून आणि नव्या फ्लॅटांतून, आता ही दाढी-मिशीवाली कुत्री दिसू लागली आहेत. संध्याकाळी टाउन हॉलसमोर कुणी ना कुणी साखळी धरून उभा असतो. विचारलं, की किंमत सांगतात, रंग सांगतात. पिल्लाच्या आईबापाला काय आजार होते हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

माझं सगळं आयुष्य कुत्र्यांच्या सहवासात गेलं. औषध देणं हे डॉक्टरांचं काम. काय बघायचं आणि कधी धावायचं, एवढंच मी सांगते. बाळ, नीट ऐक.

आजार बाहेरून येत नाही, रक्तातून येतो

श्नाउझर मूळचा जर्मनीचा. शेतावर राखण करणारा, गोठ्यातले उंदीर मारणारा. त्याचे तीन आकार: मोठा जायंट, मधला स्टँडर्ड आणि छोटा मिनिएचर. आपल्याकडे बहुतेक घरांत येतो तो मिनिएचर, पाच ते नऊ किलोचा. हुशार, घरच्यांना चिकटून राहणारा आणि नीट सांभाळला तर बारा-पंधरा वर्षं जगणारा.

पण जात टिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक घराण्यांतच संबंध होत गेले. दाढी, भुवया, मिरी-मिठासारखा रंग असे गुण पक्के झाले, तसे काही दोषही पक्के झाले. पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज यांना लस आहे. रक्तातून आलेल्या दोषाला लस नाही. तिथे दोनच गोष्टी आपल्या हातात असतात: घेण्याआधी घराणं बघणं आणि घेतल्यावर वेळेवर तपासणं. पुढे जे काही सांगणार आहे ते या दोनांतच बसतं.

मंत्र पहिला: स्थळ बघतो तशी चौकशी करा

घरात मुलीसाठी स्थळ आलं, की आपण काय करतो? मुलगा दिसायला चांगला आहे म्हणून लगेच होकार देत नाही. घराण्यात काय दुखणी आहेत ते चार ठिकाणी विचारतो. पिल्लाच्या बाबतीतही तेच करा.

यात एका नराचं महत्त्व किती असतं, ते अमेरिकेतल्या एका अभ्यासातून कळतं. मिनिएचर श्नाउझरमध्ये मायोटोनिया कंजेनिटा नावाचा एक स्नायूंचा आजार असतो. पिल्लू ताठरलेल्या पायांनी चालतं, उठताना सशासारखं दोन्ही मागचे पाय एकदम टाकतं, दंड-मांड्या फुगीर दिसतात, गिळायला त्रास होतो. पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी या आजारामागच्या जनुकीय दोषावर काम केलं. त्यातला एक निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पहिलं नाव भालेराव असं आहे, वाचून आपल्याला जवळचं वाटेल. त्यांनी ३७२ मिनिएचर श्नाउझर तपासले. आजारी निघाले अवघे चार, पण आजार अंगात दडवून बसलेले, म्हणजे वाहक, निघाले जवळजवळ पाचवा हिस्सा. आणि वंशावळी मागे नेल्या तेव्हा त्या सगळ्यांची मुळं एकाच पूर्वजापाशी जाऊन मिळाली.

याचा अर्थ समजून घे. वाहक कुत्रा दिसायला ठणठणीत असतो, प्रदर्शनात बक्षीसही मिळवतो. दोन वाहकांचा संबंध झाला, की प्रत्येक पिल्लाला आजारी निघण्याची शक्यता चारात एक आणि वाहक निघण्याची चारात दोन. म्हणून ‘बाप चॅम्पियन आहे’ हे ऐकून भुलायचं नाही. एकाच गाजलेल्या नराची शेकडो पिल्लं झाली असतील, तर त्याचा दोषही शेकडो घरांत गेला असेल.

आपल्या देशात या जातीची संख्या मुळातच थोडी. त्यात विक्रीसाठी पैदास करायला परदेशातून कुत्री आणण्यावर सरकारने २०१६ साली निर्बंध आणले. तेव्हा इथल्या इथे त्याच त्या घराण्यांत संबंध होण्याचा धोका जास्त. म्हणून हे प्रश्न विचारल्याशिवाय पैसे मोजू नकोस:

आई समोर दाखवता का? बापाचे कागद आहेत का? दोघांच्या तीन पिढ्यांच्या वंशावळीत एकच नाव दोनदा-तीनदा येतंय का? आईबापाची मायोटोनियाची आणि डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराची जनुकीय चाचणी झाली आहे का? ही चाचणी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून होते, कुत्र्याला काही त्रास होत नाही. दोघांच्या रक्तातली चरबी कधी मोजली का? आधीच्या वेतातली पिल्लं आता कशी आहेत, त्यांच्या मालकांशी बोलता येईल का?

केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद असला, तर वंशावळ कळते. पण तो कागद म्हणजे तब्येतीची हमी नव्हे, हे लक्षात ठेव. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पाच आठवड्यांचं पिल्लू टोपलीत घालून गाडीच्या डब्यातून आणून देतो म्हणणारा माणूस दिसला, की तिथून उठायचं. पुढचं बोलायचंच नाही.

मंत्र दुसरा: रक्तातली चरबी मोजा

मिनिएचर श्नाउझरचं खरं दुखणं हे. या जातीत रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढतात, आणि तेही जाड नसलेल्या, खेळत्या कुत्र्यात. टेक्सासमधल्या एका अभ्यासात दिसायला निरोगी असलेले १९२ मिनिएचर श्नाउझर तपासले, तर जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या रक्तात हे प्रमाण वाढलेलं होतं. वय वाढतं तसा हा दोष आणखी दिसतो.

मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. वाड्यातल्या एका मिनिएचरचं रक्त काढलं, नळी स्टँडवर उभी ठेवली. थोड्या वेळाने तांबड्या पेशी खाली बसल्या. वरचा भाग एरवी फिकट पिवळा, पारदर्शक असायला हवा. इथे तो पांढरा, दाट, गाळून घेतलेल्या दुधासारखा दिसत होता. कुत्रा त्या वेळी टेबलाखाली शेपूट हलवत बसला होता. त्याच्याकडे बघून कुणालाही वाटलं नसतं की याला काही झालंय.

म्हणून बाळ, कुत्रा वर्षाचा झाला की एकदा, आणि मग दर वर्षी ही तपासणी करायची. सात वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी. रक्त देण्याआधी बारा तास उपाशी ठेवायचं, पाणी मात्र चालू. रात्री आठला जेवण दिलं, की सकाळी आठनंतर रक्त. मध्ये कुणी बिस्किट दिलं तर आकडा खोटा येतो, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बजावून ठेव. आणि नळी पांढरी दिसली तर प्रयोगशाळेला तसं कळव, कारण या चरबीमुळे दुसऱ्या तपासण्यांचे आकडेही चुकतात.

उपाशी पोटीचा आकडा ५०० च्या वर गेला, तर डॉक्टर गंभीरपणे घेतात. आधी ते मधुमेह, थायरॉइड आणि कुशिंग हे तीन आजार नाहीत ना ते बघतील, कारण त्यांच्यामुळेही चरबी वाढते. ते नसतील, तर दोष जातीचा. मग उपाय आहाराचा. कमी चरबीचं म्हणून जे कोरडं खाद्य मिळतं, त्यात चरबी साधारण दहा टक्क्यांहून कमी असते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत आकडा छापलेला असतो, तो वाचायची सवय लाव. माशाचं तेल, गोळ्या हे सगळं डॉक्टर ठरवतील. आपण मनाने सुरू करायचं नाही.

मंत्र तिसरा: बाड्यावरची कचोरी बाड्यावरच संपवा

आता ग्वाल्हेरकरांना खास सांगणं. आपल्या गावाची सकाळ बेडई-कचोरीने होते, थंडीत घरोघरी गजक येते, आणि मराठी घरांत दिवाळीला चकली-करंजी-बेसनलाडूंचे डबे भरतात. कुत्रा पायाशी बसून बघतो, आपला जीव तुटतो, आपण तुकडा टाकतो. श्नाउझरच्या बाबतीत हा तुकडा जिवावर बेतू शकतो.

हिशेब कर. तुझं वजन सत्तर किलो, त्याचं सात. तू त्याला अर्धी कचोरी दिलीस, तर त्याच्या मानाने ती पाच कचोऱ्यांएवढी झाली. ज्याच्या रक्तात आधीच चरबी साचलीय, त्याच्या स्वादुपिंडाला सूज यायला एवढं पुरतं. याला पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. सणानंतरच्या दोन-तीन दिवसांत असे कुत्रे दवाखान्यात येतात, हे कुठल्याही डॉक्टरांना विचार.

लक्षणं पाठ कर. वारंवार उलटी. अन्नाकडे पाठ. पोटाला हात लावला की कण्हणं किंवा गुरगुरणं. आणि एक खूण कधी विसरू नको: पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवलेली, मागचा भाग वर, आणि कुत्रा तसाच थांबलेला. आळस देताना कुत्रा असाच वाकतो, पण क्षणात सरळ होतो. पोट दुखत असलं की तो त्या अवस्थेत राहतो, पुन्हा पुन्हा तसाच बसतो. हे दिसलं, की घरगुती ओवा-हिंग करत बसू नको. त्याच दिवशी दवाखाना. सलाईन, वेदनाशामक आणि उलटीचं औषध वेळेत मिळालं, तर बरेच कुत्रे सावरतात. उशीर झाला, तर हा आजार जीव घेतो.

आपल्या घरातली वेदनाशामक गोळी कधीही द्यायची नाही. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. खाज येते म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडची गोळीही आणायची नाही.

मग घरचं काय द्यायचं? डॉक्टरांनी हो म्हटलं, तर कातडी काढलेली कोंबडी उकडून, वरची चरबी काढून टाकून. मऊ भात. उकडलेला दुधी, लाल भोपळा. तूप-पोळी नाही, साय नाही, पनीर नाही, अंड्याचं पिवळं नाही. बक्षीस म्हणून काकडीचा तुकडा दिला तरी त्याला तेवढाच आनंद होतो. शिऱ्यातला मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण आणि चॉकलेट हे तर कुठल्याच कुत्र्याला नको.

आल्यागेल्याची पंगत आपल्याकडे कायम असते. पाहुण्यांना संकोच न करता सांग: याला काही देऊ नका, याला पथ्य आहे. पथ्य हा शब्द मराठी माणसाला लगेच कळतो, कुणी रागावत नाही.

मंत्र चौथा: पाण्याचं भांडं आणि लघवीची वेळ

दुसरं मोठं दुखणं मूतखड्याचं. कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे या जातीत फार. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८१ सालापासून जगभरातून आलेल्या प्राण्यांच्या मूतखड्यांची तपासणी होते. तिथल्या कामातून मिनिएचर श्नाउझरचं नाव या खड्यांसाठी ठळकपणे पुढे आलं.

खडे मुख्यत्वे दोन प्रकारचे. स्ट्रुव्हाइट हा बहुधा लघवीच्या जंतुसंसर्गातून होतो, माद्यांत जास्त, आणि औषधाने व खास आहाराने विरघळू शकतो. ऑक्झलेट नरांत जास्त, आणि तो विरघळत नाही. काढावाच लागतो. म्हणून खडा काढला, की ‘झालं एकदाचं’ म्हणून टाकून द्यायचा नाही. तो कशाचा आहे हे तपासायला पाठवायचा, कारण पुढचं सगळं पथ्य त्यावर ठरतं. ऑक्झलेटचे खडे पुन्हा होतात. एकदा निघाले, की दर तीन ते सहा महिन्यांनी लघवीची तपासणी आणि एक्स-रे चुकवायचा नाही.

ग्वाल्हेरचा उन्हाळा तुला माहीत आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नौतपात दुपारी बाड्यावर माणूस दिसत नाही. अशा हवेत लघवी दाट होते आणि खड्याला तेच हवं असतं. पाणी तिघरा धरणाचं असो की बोअरचं, आधी ते पोटात भरपूर जायला हवं. कुत्र्याला दिवसाला किलोमागे पन्नास-साठ मिलिलिटर पाणी एरवीही लागतं, म्हणजे सात किलोच्याला चारशेच्या आसपास. खड्याची प्रवृत्ती असलेल्याला त्याहून जास्त जायला हवं. घरात दोन-तीन ठिकाणी भांडी ठेव, एक मातीचं. दिवसातून दोनदा पाणी बदल. कोरड्या खाद्यात कोमट पाणी घालून भिजवून दे. डॉक्टरांकडे लघवीची घनता मोजून घे. ती १.०२० च्या खाली राहिली, तर पाणी पुरतंय असं समज.

पालक, बीट, रताळं, शेंगदाणे यांत ऑक्झलेट जास्त, ते टाळ. हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमची, ड जीवनसत्त्वाची किंवा क जीवनसत्त्वाची गोळी स्वतःहून देऊ नको.

आणि लघवी तुंबवून ठेवायला लावू नको. तिसऱ्या मजल्यावर राहता, दोघं नोकरीला जाता, कुत्रा सकाळी सातला खाली गेला तो संध्याकाळी सातला, हे या जातीला चालणार नाही. दुपारी कुणीतरी खाली न्यायलाच हवं. ती सोय नसेल, तर कुत्रा घेऊच नको.

खाली नेलं, की मोबाइल खिशात ठेव आणि धार बघ. वारंवार पाय वर करतो पण थेंबच पडतात, कुंथतो, लघवी लालसर आहे, जागा पुन्हा पुन्हा चाटतो, ही खड्याची लक्षणं. नराची मूत्रनळी अरुंद. खडा तिथे अडकून लघवी पूर्ण बंद झाली, तर उद्यापर्यंत थांबायचं नाही. रात्र असली तरी डॉक्टरांना उठवायचं.

मंत्र पाचवा: अंधाऱ्या जिन्यात बघा

डोळ्यांचे दोष या जातीत तीन वाटांनी येतात. एक, जन्मजात मोतीबिंदू, पिल्लाच्या डोळ्यात सहा-आठ आठवड्यांतच दिसू शकतो. म्हणून पिल्लू उजेडाकडे धरून बुबुळात पांढरी झाक आहे का ते आधीच बघायचं. दोन, मधुमेहातून येणारा मोतीबिंदू, जो काही महिन्यांत डोळा पांढरा करतो. तीन, डोळ्याच्या पडद्याचा हळूहळू होणारा ऱ्हास. हा आजार वंशातला, दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही.

याची पहिली खूण रात्री दिसते. आपल्या वाड्यांचे लाकडी जिने दिवसाही अंधारेच असतात. जो कुत्रा रोज धावत उतरायचा, तो एके दिवशी वरच्या पायरीवर थबकतो. एक पाय पुढे टाकतो, हवेत धरतो, मागे घेतो. दिवा लावला, की सरसर उतरतो. हे दोन-चारदा दिसलं, तर ‘म्हातारा झाला’ म्हणून सोडून देऊ नको. डोळे तपासून घे. या ऱ्हासावर इलाज नाही, पण आधी कळलं तर सामान जागच्या जागी ठेवून, आवाजाच्या खुणा शिकवून तो कुत्रा घरात निर्धास्त राहू शकतो. मोतीबिंदूवर मात्र शस्त्रक्रिया होते, आणि ती वेळेत झालेली बरी.

मंत्र सहावा: बाकीची लक्षणं थोडक्यात

पाणी फार पितो, लघवी फार करतो, भरपूर खाऊनही वाळतो: मधुमेह तपासा. दिवसातून दोनदा इन्शुलिन दिलं, तर कुत्रा चांगली वर्षं काढतो. पाणी फार पितो, पोट सुटलंय, धाप लागते, केस विरळ झालेत: कुशिंग तपासा.

मधल्या वयाची किंवा म्हातारी मादी अचानक कोसळते आणि क्षणात उठून काही झालंच नाही अशी चालू लागते: हा फेफऱ्याचा झटका असेलच असं नाही. या जातीत हृदयाचे ठोके चुकण्याचा सिक सायनस नावाचा आजार आहे. ईसीजी काढायला सांगा. जमलं तर कोसळतानाचा व्हिडिओ काढा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

पाठीच्या कण्यावर काळ्या टोकाच्या पुटकुळ्या: हा या जातीचाच त्वचेचा दोष. पिळायच्या नाहीत. आणि आपली सवय म्हणून खोबरेल चोळायचं नाही, त्याने छिद्रं आणखी बुजतात. डॉक्टर सांगतील तो औषधी शांपू, तोही नीट धुऊन काढायचा. शांपू बदलल्यानंतर दोन-तीन दिवसांत अंग दुखरं झालं, ताप आला, तर लगेच दाखवायचं. या जातीत शांपूची अशी तीव्र प्रतिक्रिया नोंदलेली आहे.

नर पिल्लाच्या दोन्ही गोळ्या खाली उतरल्या आहेत का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. पोटात राहिलेली गोळी पुढे गाठीचं कारण होऊ शकते. या जातीत तर काही नरांच्या पोटात गर्भाशयही असतं, आणि त्यात पू होऊ शकतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण त्याचीही जनुकीय चाचणी आहे.

लहान वयातच लसिकाग्रंथी सुजल्या, ताप हटेना, वजन उतरत चाललं, तर मायकोबॅक्टेरियम एव्हियमचा विचार करायला डॉक्टरांना सुचवा. काही मिनिएचर श्नाउझर जन्मतःच या जंतूपुढे दुबळे असतात. घरात आजी-आजोबा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर ही बाब डॉक्टरांपासून लपवू नका.

जायंट घेणार असाल, तर आईबापाच्या कमरेच्या सांध्यांचे एक्स-रे मागा. पिल्लू खातं पण वाढत नाही, मलूल असतं, तर बी-१२ मोजा. ते आतड्यातून शोषलं न जाण्याचा वंशगत दोष जायंटमध्ये आहे आणि इंजेक्शनने तो छान आवरतो. काळ्या जायंट आणि स्टँडर्डच्या पायाच्या बोटाला सूज आली, नख सुटलं, तर जखम समजून मलम लावत बसू नका. तिथे कर्करोग होतो. स्टँडर्डच्या आईबापाच्या हृदयाची तपासणी विचारा.

मंत्र सातवा: वही ठेवा

दोनशे पानी वही. पहिल्या पानावर आईबापाची नावं आणि त्यांच्या तपासण्या. मग दर महिन्याला वजन, दर तपासणीचा आकडा, कधी उलटी झाली, त्याआधी काय खाल्लं होतं. आपल्या शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही. अवघड केस झाली, तर जबलपूर, महू, नाहीतर बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था गाठावी लागते. मुंबईत नातेवाईक असतील, तर परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. एवढ्या लांब कुत्रा घेऊन गेल्यावर नवे डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, ‘आधीचे रिपोर्ट?’ तेव्हा वही पुढे करता आली पाहिजे.

खर्चाचंही आधीच ठरवा. पिल्लाच्या किमतीत पहिल्या वर्षीच्या तपासण्या धरा, आणि दर महिन्याला थोडी रक्कम त्याच्या नावाने बाजूला टाका. मूतखड्याची शस्त्रक्रिया अचानक पुढे उभी राहते.

मंत्र आठवा: एक वेत नकोच

‘जात चांगली आहे, एकदा पिल्लं होऊ देऊ’ असं शेजारी म्हणतील. ऐकू नकोस. आईबाप दोघांच्या जनुकीय चाचण्या, डोळ्यांची तपासणी, रक्तातली चरबी, मूतखड्याचा इतिहास, हे सगळं स्वच्छ असल्याशिवाय संबंध लावणं म्हणजे दुसऱ्याच्या घरी दुखणं पाठवणं. चरबी आणि मूतखडा यांना तर अजून खात्रीची एकच जनुकीय चाचणी नाही, म्हणून निरोगी म्हातारपण बघितलेल्या घराण्यातूनच पुढची पिढी यावी. एवढी मेहनत करणारे थोडे असतात. तू नोकरी सांभाळून ते करणार नाहीस, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर नसबंदी करून घे.

आणि हे सगळं ऐकून, ‘आत्या, एवढं आमच्याच्याने होणार नाही’ असं वाटलं, तर त्यात कमीपणा काहीच नाही. गोरखीच्या फाटकाशी, दौलतगंजच्या गल्लीत, तुझ्या स्वतःच्या आळीत पिल्लं फिरतायत. त्यांच्यात अनेक रक्तं मिसळलेली, म्हणून एकाच घराण्यात साचलेले हे दोष त्यांच्यात क्वचित. त्यातलं एक घरी आण, लस दे, नसबंदी कर. तेही तुझ्यावर तेवढीच माया करेल.

श्नाउझरच हवा असेल, तर खुशाल आण. फार गोड जात आहे. पण पैसे देण्याआधी आईला बघ, कागद वाच, प्रश्न विचार. आणि वाचणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती: तुमच्या घरी या जातीचा कुत्रा असेल आणि त्याच्या रक्तातली चरबी अजून मोजली नसेल, तर या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. आदल्या रात्री आठनंतर त्याला पाण्याशिवाय काही देऊ नका.